आधी हात कुणी पुढे केला?

पुलाच्या या टोकाला डनव्हेल, म्हणजे कॅनडा. त्या टोकाला पोर्टर्स मिल, म्हणजे अमेरिका. मधली नदी इतकी अरुंद की माझा भाऊ ड्वेन त्याच्या अंगणातून ओरडला तर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. अर्थात ड्वेन ओरडला तर कुठेही ऐकू येतं. मी त्याचीच बहीण. सव्वीस वर्षांपूर्वी ग्लेन मॅक्फीशी लग्न करून मी पूल ओलांडला आणि तेव्हापासून माझं त्रांगडं झालं. इकडचे म्हणतात, "रोंडा ना? अमेरिकन आहे ती. आवाज ऐकलास?" आणि तिकडचे म्हणतात, "रोंडी पार कॅनेडियन झाली. खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीची माफी मागते."

दोन्ही खरं आहे, काय करणार! दोन्ही गावांना एकमेकांबद्दल सगळं माहीत असल्याची खात्री आहे. अमेरिकन म्हणजे तोंडाळ, बढाईखोर, जिंकण्यासाठी काहीही करणारे. कॅनेडियन म्हणजे गोगलगाई, पायावर पाय दिला तरी "सॉरी" म्हणणारे. मी दोन्हीकडची भाकरी खाल्ली आहे, म्हणून सांगते. आमच्याकडचं "सॉरी" तुम्ही नीट ऐकलेलं नाही. एक "सॉरी" माफीचं असतं, एक "बाजूला व्हा" म्हणणारं, आणि एक असं असतं की त्यात नुसता चाकू गुंडाळलेला असतो. तो शेवटचा प्रकार माझ्या सासूबाईंना, एनिड मॅक्फींना, अगदी सहज जमतो.

पण माझ्यावर त्यांनी तो कधीच वापरला नाही. हेच तर माझं दुखणं! लग्नानंतरच्या पहिल्या ख्रिसमसला मी अख्खी टर्की कोळसा करून टेबलावर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "किती छान खरपूस झालीय, बाळ." त्याच क्षणी ग्लेनकडे वळून, "अरे ठोंब्या, बूट दारात काढायला कितीदा सांगू?" पोटच्या पोरावर रोज तोंडसुख, आणि मला आपलं "बाळ", "प्लीज", "तुला त्रास नसेल तर". आमच्या माहेरी ओरडा म्हणजे जेवायला बोलावणं. आई ज्याच्यावर ओरडत नसे, त्याने समजावं की तिचं त्याच्यावर मन नाही. पाहुण्यांवर कोण ओरडतं? सव्वीस वर्षं मी त्या घरात पाहुणी होते, आणि एकदा, फक्त एकदा, त्या बाईने माझ्यावर घरच्यासारखं भडकावं एवढीच माझी इच्छा होती.

आणि मग फेब्रुवारीत लॉरेनने मनगट मोडून घेतलं.

लॉरेन आमच्या गावच्या कर्लिंगच्या संघात होती, ग्लेनही त्यातच. बर्फाच्या लांब पट्टीवरून वर मूठ बसवलेला जड दगड सरकवायचा आणि पलीकडच्या टोकाला रंगवलेल्या गोलाच्या मधोमध थांबवायचा. दोघं झाडू घेऊन दगडापुढचा बर्फ घासत धावतात, म्हणजे दगड लांब जातो. एवढाच खेळ. दर हिवाळ्यात डनव्हेल आणि पोर्टर्स मिल यांचा सामना होतो आणि जिंकणारा एक जुनी लोखंडी किटली घेऊन जातो. ती किटली अकरा वर्षं पलीकडे होती. सासूबाई आमच्या कप्तान, वय चौऱ्याहत्तर, मार्चमध्ये दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. म्हणजे त्यांचा हा शेवटचा सामना. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "रोंडा बाळ, तुला वेळ असेल तर, अगदीच गैरसोय नसेल तर, लॉरेनच्या जागी खेळशील का, प्लीज?"

मी त्यांना मिठीच मारली. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "थँक यू, बाळ." मी मनात म्हटलं, थांबा आता. किटली आणून देते, मग बघू किती दिवस पाहुणी ठेवता!

सामन्याच्या दिवशी शनिवार होता. आमच्या क्लबच्या वरच्या मजल्यावर बीन्सची पातेली आणि तपकिरी ब्रेड मांडलेला, काचेला नाक लावून दोन्ही गावं उभी. ड्वेन त्यांचा कप्तान. तो आला तोच भोंगा वाजवत. त्याच्या संघाच्या शर्टांवर मोठ्या अक्षरांत छापलेलं, "किटली आमचीच!" आणि सासूबाईंना बघताच तो गरजला, "मॅक्फीबाई, किटली घासूनपुसून आणलीय बघा! चकाकतेय! पण परत न्यायलाच हं!"

"किती छान, ड्वेन," सासूबाई गोड हसल्या. "रस्ता ठीक होता ना? बीन्स भरपूर आहेत. हरल्यावर माणसाला भूक लागते."

"ओहो! रोंडे, तुझी सासू चावते की गं!"

"तू खेळ आधी," मी म्हटलं. पण मला आतून गुदगुल्या होत होत्या.

काय सामना झाला! मी आयुष्यात एवढी ओरडले नाही, आणि मी ओरडणारी बाई आहे. आम्ही दोन गुण पुढे, मग ते एक पुढे, मग बरोबरी. ड्वेन प्रत्येक चांगल्या दगडानंतर छाती पिटून घ्यायचा. सासूबाई प्रत्येक चांगल्या दगडानंतर "सॉरी, ड्वेन" म्हणायच्या, आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा आणखी लाल व्हायचा. आमचा ऑरेल, इथल्या जुन्या फ्रेंच वस्तीतला अकेडियन गडी, गोलापाशी उभा राहून फ्रेंचमध्ये देवाला काहीतरी सांगत होता. माझे हात खांद्यापासून गळायला आले होते, तरी मी झाडू सोडला नाही.

आणि शेवटची फेरी. बरोबरी. एकच दगड उरलेला, तोही सासूबाईंचा. गोलाच्या मध्यापासून हातभर अंतरावर ड्वेनचा दगड बसला होता, आणि त्याच्यापुढे आडवा दुसरा. आडव्या दगडाला वळसा घालून आत शिरायचं आणि मध्याच्या जास्त जवळ थांबायचं. तरच किटली आमची.

सासूबाई खाली बसल्या. गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला. दगड सुटला.

"हळू आहे!" ऑरेल किंचाळला. "घासा! घासा!"

मी आणि ग्लेन तुटून पडलो. दगडाच्या डाव्या बाजूला तो, उजव्या बाजूला मी. घास, घास, घास! डोळ्यांत घाम, कानांत फक्त ऑरेलचा आवाज. दगड आडव्याच्या कडेने गेला, वळला, इतका सुंदर वळला की मला हुंदकाच आला, आणि गोलात शिरला. "अजून!" ऑरेल ओरडला. मी जीव खाऊन झाडू रेटला, आणि तेव्हाच ते झालं. झाडूच्या कडेला काहीतरी टेकलं. निसटतं, बोटाने गालाला स्पर्श करावा इतकंच. झाडू दगडाला लागला होता.

दगड गेला आणि थांबला. मधोमध. बशीत कप ठेवावा तसा.

वर काचेमागे सगळं डनव्हेल उड्या मारायला लागलं. ऑरेलने टोपी फेकली. ग्लेनने मला उचललं. आणि सासूबाई, ज्यांनी लग्नात, बारशात, कुठेही हात वर केलेले मी पाहिले नव्हते, त्या दोन्ही हात डोक्यावर नेऊन बर्फावर उभ्या होत्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

आता तुम्हाला सांगते, कर्लिंगला पंच नसतो. आमच्या क्लबात तर नाहीच नाही. सरकत्या दगडाला ज्याचा झाडू लागला, त्यानेच ते सांगायचं. दुसरा कुणी बोट दाखवत नाही. कुणी पाहिलं नव्हतं. ग्लेनचं लक्ष बर्फाकडे, ऑरेलचं दगडाकडे. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर सासूबाईंची ती नजर जन्मभर माझी झाली असती. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं. दोन श्वास गेले. मग मला त्या दगडाचीच घाण वाटायला लागली. तो मधोमध बसला होता आणि तो आमचा नव्हता.

"लागला!" मी ओरडले. माझा आवाज छताला जाऊन आपटला. "माझा झाडू लागला! दगडाला लागला!"

ग्लेनने मला खाली ठेवलं. वर मात्र काचेमागे अजून नाच चाललेला, त्यांना काय कळणार. सासूबाईंचे हात खाली आले. "सॉरी, काय म्हणालीस बाळ?" त्या म्हणाल्या, आणि त्यांना नीट ऐकू आलं होतं.

अशा वेळी निर्णय समोरच्या कप्तानाचा. दगड काढून टाकायचा की राहू द्यायचा, तो ठरवेल ते. म्हणजे ड्वेन ठरवणार. माझा भाऊ, लहानपणी पत्त्यांत हरला तर टेबल उलटवणारा. ऑरेलने टोपी उचलून खिशात कोंबली. ग्लेन पुटपुटला, "झालं. अमेरिकन आहे तो." मग माझ्याकडे बघून ओशाळला.

ड्वेन आला. गोलाभोवती फिरला. गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटून बघितलं. मग उठून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "एवढ्याशा धक्क्याने काय होतंय? दगड तसाही इथेच थांबला असता! राहू दे! जिंकलात तुम्ही!"

मला क्षणभर वाटलं माझे कान गेले. ग्लेन तर खालीच बसला.

"सॉरी, ड्वेन," सासूबाई म्हणाल्या. "असं चालणार नाही."

"चालणार नाही म्हणजे? निर्णय माझा आहे!"

"तो आहेच. पण आमचा झाडू लागला. असा दगड मला नको. सॉरी."

"अहो बाई, मी देतोय ना! घ्या की!"

"थँक यू. नको."

"तुम्हा कॅनेडियन लोकांना धड जिंकतासुद्धा येत नाही!"

"सॉरी, पण तुम्हा अमेरिकनांना धड हरता येत नाही असं ऐकलं होतं. आज फारच छान जमतंय तुला."

तो गर्जत होता, त्या गोड बोलत होत्या, आणि मी मध्ये उभी राहून एकीकडून दुसरीकडे बघत होते. हट्ट अगदी एकाच मापाचा! तो जिंकण्यासाठी काहीही करतो म्हणे, आणि इथे घशाच्या शिरा ताणून सामना दान करत होता. त्या गोगलगाय म्हणे, आणि इंचभर हलत नव्हत्या.

मग सासूबाईंनी हातमोजा काढायला सुरुवात केली. कर्लिंगमध्ये ज्याला हार मान्य असते तो मोजा काढून हात पुढे करतो. समोरच्याने हात मिळवला की सामना संपला. ड्वेनच्या ते लक्षात आलं. "अरे नाही, नाही!" म्हणत त्याने स्वतःचा मोजा दातांनी ओढला, फेकला आणि हात पुढे करून धावत सुटला. सासूबाईही निघाल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, खराब गुडघे, आणि एका पायातला गुळगुळीत तळाचा बूट. त्या धावल्या नाहीत, त्या सरकल्या! हात ताठ समोर! "मी हरले!" "नाही, मी हरलो!" दोघं गोलाच्या मधोमध एकमेकांवर आदळले, ड्वेनने त्यांना सावरलं, आणि त्या गडबडीत हात हातात आले.

"आधी हात माझा होता!" ड्वेन ओरडला.

"सॉरी, माझा," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या.

तोवर वरच्या लोकांना प्रकार कळला होता. ते सगळे जिने उतरून खाली. पोर्टर्स मिलचे लोक शपथा घेऊन सांगत होते की आमचा ड्वेन आधी हरला. डनव्हेलचे लोक अतिशय नम्रपणे, एकमेकांना बोलू देत, सांगत होते की माफ करा, पण आमची एनिड आधी हरली. आपलाच संघ हरला म्हणून दोन देश भांडताना मी पहिल्यांदाच पाहिले. शेवटी थंडीने सगळ्यांना वर हाकललं.

पण वर गेल्यावर नवीनच पेच. रीत अशी की पहिला पेला जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायचा. आता जिंकलंय कोण? कुणीच नाही! त्यामुळे बारकडे कुणी जाईना. दोन्ही संघ समोरासमोर हाताची घडी घालून बसले. बीन्स खाऊन सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती. किटली मध्ये टेबलावर, चकाकत होती, आणि तिच्याकडे कुणी बघेना.

माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी बघत होते फक्त सासूबाईंकडे. त्यांचा शेवटचा सामना. ते वर गेलेले हात. मीच ते खाली आणले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "एनिड, माझी चूक झाली. मी सगळं घालवलं."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "काही हरकत नाही, बाळ. कुणाच्याही हातून होतं. ब्रेड घेतेस का थोडा?"

ब्रेड! मला म्हणे ब्रेड! एवढं होऊनही तोच आवाज, तेच हसू, दारात आलेल्या पाहुण्यासाठी ठेवलेलं. मी उभी राहिले आणि खुर्ची मागे पडली. या वेळी मी खुर्चीची माफी मागितली नाही.

"ब्रेड नको मला!" मी ओरडले. अख्ख्या मजल्याच्या माना वळल्या. "हरकत नाही म्हणू नका! आहे हरकत! ग्लेनने हे केलं असतं तर काय म्हणाला असतात तुम्ही? सांगा ना! त्याला म्हणाला असतात ते मला म्हणा! सव्वीस वर्षं झाली एनिड, मी काय हॉटेलात उतरलेय तुमच्याकडे?"

ग्लेनचा चमचा तोंडाशी थांबला. सासूबाईंचं हसू आधी तसंच राहिलं. मग ते एका कोपऱ्यातून निसटायला लागलं. मानेवरून लाली चढली, गालांवर आली, कानांवर गेली.

"काय म्हणाले असते?" त्या सावकाश म्हणाल्या. आणि उभ्या राहिल्या. "काय म्हणाले असते? अगं बये, झाडू दगडाच्या पुढे वीतभर धरायचा असतो, वीतभर! गाय वासराला चाटते तशी काय चिकटली होतीस? डोळे कुठे होते तुझे? मंगळवारी सांगितलं, गुरुवारी सांगितलं, भिंतीला सांगितलं असतं तर भिंत शिकली असती! माझ्या जन्मातला सगळ्यात देखणा दगड होता तो! आणि पुन्हा असा फिरेल का? या गुडघ्यांनी?"

"नाही," मी म्हटलं.

"मध्ये बोलू नकोस! आणि आता विषय निघालाच आहे म्हणून सांगते, माझ्या ट्युलिपच्या वाफ्यावरून गाडी घालतेस तू! दर वसंतात! मी मेली बिचारी नवीन कंद लावते आणि तू चाक फिरवतेस! आणि ती तुझी कॉफी! ती कॉफी नव्हे, भांडं विसळलेलं पाणी आहे! आणि दारं! दारं काय आपटतेस गं घरभर! मागच्या वर्षी भिंतीवरचा माझ्या आईचा फोटो पडला, मी म्हटलं वाऱ्याने पडला! वारा! खिडक्या बंद होत्या!"

त्यांनी श्वास घेतला. ड्वेन माझ्या कानाशी आला आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "रोंडे, वाटलं तर घरी चल आमच्या."

"तू गप्प बस, मेल्या!" सासूबाई त्याच्यावर उलटल्या. "बर्फावर कसला संताचा पुतळा झाला होतास? झाडू लागला नसता तर तुझाच दगड अर्ध्या इंचाने जवळ ठरला असता, मला दिसत नाही का? मोठा आला दानशूर!"

"हो बाई," ड्वेन म्हणाला.

मी रडत होते. आणि हसतही होते. दोन्ही एकदम, नाक गळतंय, डोळे गळतायत, आणि तोंड काही केल्या मिटत नव्हतं. इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता, ग्लेनची शपथ!

"दात काय काढतेस?" सासूबाई कडाडल्या. "सगळ्यांच्या घशाला कोरड पडलीय तुझ्यापायी. जा, प्यायला आण सगळ्यांना. माझी पर्स घे. आणि ती खुर्ची उचल आधी!"

मी खुर्ची उचलली, पर्स घेतली आणि बारकडे पळाले. मागे ड्वेन विचारत होता, "म्हणजे जिंकल्याचं कबूल ना, बाई?" आणि त्यालाही काहीतरी झणझणीत ऐकायला मिळत होतं. बारमागे क्लाइव्ह उभा होता. शांत माणूस, अस्सल डनव्हेलचा. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू माझ्या घरी कुणी गेलंय.

"सॉरी, रोंडा," तो म्हणाला. "फारच बोलल्या त्या."

"फारच!" मी म्हटलं. "ऐकलंस ना तू? सगळं ऐकलंस ना? दारांचंसुद्धा?"

"हो... ऐकलं." तो जरा मागे सरकला. "मग शेवटी जिंकलं कोण?"

"मला काय ठाऊक! सगळ्यांना दे! इकडच्यांना, तिकडच्यांना, भोंगेवाल्यांनाही दे!"

तो पेले भरायला लागला, एक एक करून, सावकाश, कडेचा फेस पुसत. आणि मागून, सगळ्या गलक्याच्या वर, तो आवाज आला.

"रोंडा! एवढा वेळ? तिथेच झोपलीस की काय?"

"आले, आले!" मी ओरडले.